गलबताची कथा आणि मागे राहिलेली रेचेल

कोकणातील बेने इस्रायली ज्यूंच्या घरांत एक कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. धर्मग्रंथ समुद्रात गेले. वाचलेल्यांचे वंशज तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. गावांच्या नावांवरून आडनावे पडली, मराठी मातृभाषा झाली.

१९४८नंतर ही जमात मोठ्या संख्येने इस्रायलला गेली. तिथे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला धर्मपंडितांनी लग्नाच्या वेळी त्यांच्याकडे वंशावळीची चौकशी सुरू केली. आजीने सांगितलेले गलबत पुरावा ठरेना. आंदोलन झाले, तेव्हा १९६४ साली तिथल्या संसदेने त्यांना इतर ज्यूंच्या बरोबरीचे मानले. कागद मागितला जातो तेव्हा तोंडी कथा किती दुबळी पडते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

अहमदाबादच्या बेने इस्रायली लेखिका एस्थर डेव्हिड यांच्या ‘बुक ऑफ रेचेल’ (२००६) या कादंबरीचे मोल इथे कळते. तिला २०१०चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. परंपरागत कथा येणाऱ्यांची आहे. ही कादंबरी न गेलेल्या बाईची आहे. मुले इस्रायलला गेली, रेचेल मात्र कोकणात समुद्रकाठी राहून ओस पडलेले सिनेगॉग झाडते, सांभाळते. त्याची जमीन विकायचा घाट घातला जातो, तेव्हा ती आडवी उभी राहते. प्रकरणांना जोडलेल्या पाककृती ही केवळ सजावट नाही. वंशावळ हरवली तरी हाताची सवय हरवत नाही, हे त्या सांगतात.

कादंबरीत उणिवा आहेत. वकील आणि मुलीच्या लग्नाचा धागा फार सोयीने विणला आहे. मोठी उणीव भाषेची. मराठीत जगलेली माणसे इथे इंग्रजीत बोलतात. इस्रायलला गेलेल्यांनी तिथून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक काढले, हे लक्षात घेतले की ही उणीव अधिकच बोचते.

बेने इस्रायलींचा मलिदा आणि आपल्या दर्ग्यांवरचा मलिदा, शब्द एकच. समुद्रावरून आलेल्या पूर्वजांची कथा कोकणी मुसलमानांच्या घरांतही आहे, आणि ‘कर’ लावलेली आडनावेही. परदेशी गेलेल्या मुलांची वाट पाहणाऱ्या आयाही आहेत. त्यांची कादंबरी मराठीत लिहिली जायला हवी, आणि ती आपणच लिहायला हवी.