जाफरखानी बाज : सतारवादनातील स्वतंत्र शैलीचा चिकित्सक विचार

प्रस्तावना :
हिंदुस्थानी संगीतात वादकाच्या स्वतंत्र शैलीची चर्चा बहुधा प्रतिभेच्या गौरवापुरती मर्यादित राहते. ती शैली हातांच्या कोणत्या क्रियेतून घडते, हा प्रश्न मागे पडतो. प्रस्तुत लेखात मुंबई ही कर्मभूमी असलेले सतारवादक उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ (१९२७-२०१७) यांच्या ‘जाफरखानी बाजा’च्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

शैलीचे स्वरूप :
सतारीचा स्वर आघातानंतर लवकर विरतो. या मर्यादेला वादकांनी निरनिराळी उत्तरे दिली. मसीतखानी व रजाखानी गतींचा पाया उजव्या हाताच्या बोलांची रचना हा आहे. उस्ताद विलायत खाँ यांनी एकाच आघातावर दीर्घ मींड घेऊन गायकी अंग साधले. हलीम जाफर खाँ यांनी डाव्या हाताच्या बोटांवर अधिक भार दिला. नखीच्या एका आघाताच्या नादातच कृंतन, जमजमा, मुरकी, खटका यांद्वारे ते अनेक स्वर काढत. आघात कमी व स्वर अधिक, हे या बाजाचे मर्म होय.

या शैलीमागे बीनकार परंपरेतील तालीम आहे. तसेच कीरवाणी, लतांगी यांसारख्या कर्नाटक रागांचा अभ्यासही आहे. ‘कोहिनूर’ (१९६०) सारख्या चित्रपटांतील वादनाने थोड्या अवधीत नेमका परिणाम साधण्याची सवय दृढ केली असावी.

मूल्यमापन :
या बाजाला मर्यादाही आहे. अलंकरणाची दाटी विलंबित आलापात स्वराचा ठहराव मोडू शकते. मध्य व द्रुत गतीत मात्र तीच दाटी शोभते. दुसरा प्रश्न परंपरेचा आहे. १९७६ मध्ये त्यांनी मुंबईत सतारीची अकादमी स्थापन केली व पुढे या बाजावर ग्रंथही लिहिला. म्हणजे आपली शैली शिकविता यावी व तपासली जावी, अशी त्यांची भूमिका दिसते. परंतु शिष्याने केवळ मुरक्यांचे अनुकरण केल्यास हाती नक्कल उरते, बाज उरत नाही.

निष्कर्ष :
स्वतंत्र शैली ही वाद्याच्या मर्यादेला वादकाने स्वतःच्या हातांनी दिलेले उत्तर असते. महाविद्यालयीन प्रात्यक्षिकात आपण विद्यार्थ्याची गत शुद्ध आहे की नाही, एवढेच पाहतो. ती अशीच का वाजवावी, हेही त्याला विचारले पाहिजे. शैलीचा शोध या प्रश्नापासून सुरू होतो.