सूर्यपुत्र नसलेली पोरं

१७४०च्या एप्रिलमध्ये रावेरखेडीला थोरले बाजीराव गेले, पाठोपाठ मस्तानीही गेली. मागे उरला सहा वर्षांचा मुलगा. त्याची मुंज लावायला पुण्याचा ब्रह्मवृंद तयार झाला नाही. कृष्णराव हे नाव मागे पडलं आणि समशेर बहादूर हे कायमचं चिकटलं. पेशव्यांच्याच घरात तो वाढला, पानिपतावर जखमी झाला आणि १७६१मध्येच मेला. ना. सं. इनामदारांची 'राऊ' (१९७२) त्याच्या आईबापांची आहे. विश्वास पाटलांच्या 'पानिपत'मध्ये (१९८८) तो लढणाऱ्या अनेक सरदारांपैकी एक आहे. वाड्यात पंगत बसली की या पोराचं पान कुठे मांडत, हा खरा कादंबरीचा प्रश्न. तो या दोन्ही गाजलेल्या पुस्तकांच्या कडेलाच राहिला.

ही एकट्या समशेरची गोष्ट नाही. रा. भि. गुंजीकरांच्या 'मोचनगडा'पासून, म्हणजे १८७१पासून, मराठी ऐतिहासिक कादंबरी गड, गादी आणि घराणी यांच्याभोवती फिरते आहे. हरिभाऊ आपट्यांनी तिला वाचक मिळवून दिला, नाथमाधवांनी तो टिकवला, रणजित देसाईंच्या 'स्वामी'ने (१९६२) त्याला रडवलं. वाचनालयांत या पुस्तकांच्या पाठी उसवतात, पुन्हा बांधल्या जातात. या दीडशे वर्षांत अनाथ, वाळीत टाकलेलं मूल तिथे आलंच नाही असं नव्हे. पण आत येताना त्याच्याकडे कुळाचा दाखला मागितला गेला.

कर्ण हे त्याचं ठळक उदाहरण. तो महाभारतातला, पण दुकानात त्याची कादंबरी शिवाजी-संभाजींच्या शेजारीच लागते. शिवाजी सावंतांचा 'मृत्युंजय' (१९६७) आणि देसाईंचा 'राधेय' (१९७३) यांनी नदीत सोडलेल्या, सूतपुत्र म्हणून हिणवलेल्या मुलाला घराघरांत नेलं. 'मृत्युंजय'मध्ये कर्णासकट सहा जण आपापली बाजू सांगतात. ही रचना आजही ताजी वाटते. अडचण वेगळीच आहे. हा मुलगा सूर्याचा आहे हे वाचकाला पहिल्यापासून ठाऊक असतं. अपमान झाला की आपल्याला चीड येते ती एका राजपुत्राला सूत म्हटलं याची. सूताला असं वागवतात याची नव्हे. अधिरथाचा सख्खा मुलगा स्पर्धेच्या मैदानात उतरला असता तर पल्लेदार संवाद कुणी लिहिले असते?

महाराष्ट्राची सगळ्यात मोठी अनाथकथा अर्थात आळंदीची. विठ्ठलपंतांनी संन्यास सोडून पुन्हा संसार केला म्हणून घर वाळीत पडलं. आईबापांनी देहत्याग केला आणि ज्ञानेश्वरांसह चार मुलं शुद्धिपत्रासाठी पैठणला गेली. रूढ कालगणनेप्रमाणे धाकट्या मुक्ताबाईचा जन्म १२७९चा. म्हणजे ती अगदीच लहान. महिपतीच्या 'भक्तविजया'पासून (१७६२) प्रभातच्या 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) या चित्रपटापर्यंत आणि गो. नी. दांडेकरांच्या 'मोगरा फुलला'पर्यंत ही कथा पुन्हा पुन्हा सांगितली गेली. गोनीदांची भाषा रसाळ, त्यात शंका नाही. पण या परंपरेत छळाच्या मागोमाग चमत्कार उभा असतो. रेडा वेद म्हणतो, भिंत चालते आणि आपली सुटका होते. गावाने पाणी, विस्तव तोडलेल्या घरात चार लेकरांनी दिवस कसे काढले, याला मोजकी पानं मिळतात.

दाखला न मागता आत घेणारं पुस्तक १९५९मध्ये आलं. अण्णा भाऊ साठेंच्या 'फकिरा'ला पुढे राज्य पुरस्कार मिळाला, चित्रपट निघाला. जत्रेचा मान असलेल्या जोगणीच्या पायी बाप राणोजी मारला जातो तेव्हा फकिरा पोरवयातला. आई आहे, आजा आहे. तो पुरता अनाथ नाही. पण आख्खी जमातच सरकारदरबारी गुन्हेगार ठरलेली, हजेरी चुकली की माग सुरू. अण्णा भाऊ हजेरी रंगवतात तेव्हा राज्यसत्ता नावाची चीज पाटलाच्या चावडीवर, रोजच्या वेळेला, अंगावर येते. दुष्काळात खजिना लुटण्याचा प्रसंग थरारक आहे, तरी कादंबरीचं बळ या हजेरीत. ऐतिहासिक कादंबरीवर बोलताना 'फकिरा'ला दलित साहित्याच्या कप्प्यात ठेवून पुढे जायची सवय समीक्षेने आता सोडावी.

पुढे हा अनुभव आत्मकथनांत गेला. लक्ष्मण मानेंचं 'उपरा' (१९८०), शरणकुमार लिंबाळ्यांचं 'अक्करमाशी' (१९८४), किशोर शांताबाई काळ्यांचं 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४). बापाचं नाव नसणं म्हणजे काय, हे शाळेच्या दाखल्यापासून भाकरीपर्यंत इथे कळतं. कादंबरीकारांनी यातून भूक लिहायला शिकायला हवं होतं. त्याऐवजी ते पुन्हा दरबारात गेले.

साधनं नाहीत, ही सबब नेहमीची. बखरी इनाम-वतनवाल्यांच्या असतात, हे खरं. पण पेशवे दप्तरात कुणबिणींची, म्हणजे दासींची, खरेदी, त्यांची बक्षिशी, पळालेल्यांना धरून आणणं, सगळं नोंदलेलं आहे. टोनी मॉरिसन यांनी 'बिलव्हेड' (१९८७) उभी केली ती १८५६मध्ये पळालेल्या मार्गारेट गार्नर या गुलाम बाईच्या खऱ्या प्रकरणावर. सुरुवात झाली एका जुन्या बातमीपासून.

ठाण्यातल्या माजिवड्याच्या वाचकाला तर अशा साधनांसाठी लांब जायलाच नको. ठाण्याचा किल्ला आणि १७३७ची मराठ्यांची मोहीम आपल्याला पाठ असते. १८१६मध्ये ठाण्याच्या कैदेतून निसटलेल्या त्रिंबकजी डेंगळ्यांवर इनामदारांची 'झेप' आहेच. पण माजिवडा ज्या साष्टी बेटावर आहे ते १७३७च्या आधी दोनशे वर्षं पोर्तुगीजांकडे होतं. १५५९मध्ये पोर्तुगालच्या दरबाराने गोव्यासाठी हुकूम काढला: ज्या हिंदू मुलांना आई, बाप, आजा, आजी उरलेले नाहीत त्यांना जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजाच्या हवाली करून बाप्तिस्मा द्यावा. बाप गेला पण आई जिवंत आहे, तर मूल अनाथ धरायचं का, यावर पुढे वाद झाले. नातेवाईक पोरं लपवून हद्दीपलीकडे पोचवत. वसईकडेही नवख्रिस्त्यांचा 'बाप' म्हणवणारा अधिकारी नेमलेला असे. अनाथपण सरकार ठरवतं, याहून धारदार विषय कोणता? महाबळेश्वर सैल यांच्या 'तांडव'मध्ये धर्मांतराच्या काळातलं गोव्याचं गाव आहे, राजाऐवजी माणसं आहेत. नंदा खरेंच्या 'अंताजीची बखर'ने (१९९७) थोरांच्या इतिहासाकडे खालून, मिश्कीलपणे बघता येतं हे दाखवलंच होतं. या दोन वाटा वसई-ठाण्याकडे वळायला हव्यात.

पुण्यातही एक नायक तयार आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८७४मध्ये काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचं मूल दत्तक घेतलं, तो यशवंत. चरित्रांत आणि चित्रपटांत तो बहुधा शेवटच्या भागात येतो, डॉक्टर होऊन, प्लेगच्या रोग्यांपाशी. मधली वर्षं कुणी लिहीत नाही. विधवेचा मुलगा म्हणून त्याला मुलगी द्यायला कुणी पुढे येईना. अखेर ग्यानोबा सासण्यांनी आपली राधा दिली, आणि ते लग्न १८८९मध्ये सत्यशोधक पद्धतीने लागलं.