यादीत नसलेले नाव

अमेरिकेत 2000 साली झालेल्या कायद्याने नोंदणीकृत लैंगिक गुन्हेगारांवर आपण कोणत्या महाविद्यालयात शिकतो किंवा नोकरी करतो हे कळवण्याचे बंधन आले. काही विद्यापीठांनी आपल्या वेगळ्या याद्याच खुल्या केल्या. रिचर्ड ट्यूक्सबरी आणि मॅथ्यू लीस यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी त्या याद्यांतल्या लोकांनाच प्रश्नावली पाठवली होती: मित्र तुटले का, नोकरी गेली का, कुणी छळले का? अभ्यास मोलाचा आहे, पण यादीची किंमत मोजताना तो गुन्हेगारापाशीच थांबतो.

आपल्याकडे पहिला प्रश्न पीडितेचा हवा. गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरसारख्या गावात आडनाव सांगितले की घर कळते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार बलात्काराच्या 90 टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीतलाच असतो. अशा माणसाचे नाव महाविद्यालयाच्या फलकावर लागले, तर मुलगी कोण, हे चहाच्या टपरीवर दोन वाक्यांत ठरेल. तिची ओळख उघड करणे गुन्हा आहे. यादी ती नाव न घेता उघड करते. मग घरचेच म्हणणार, तक्रार करू नको.

म्हणून 20 सप्टेंबर 2018 रोजी सुरू झालेली राष्ट्रीय नोंद फक्त पोलीस व तपास यंत्रणांपुरती ठेवली, हे बरेच झाले. पण शिक्षेपर्यंत न पोहोचलेल्यांचे काय? चौकशी चालू असताना प्राध्यापक राजीनामा देतो, दुसऱ्या जिल्ह्यात रुजू होतो, आणि तिथल्या मुली बेसावध असतात. ऑक्टोबर 2017 मध्ये राया सरकार यांनी फेसबुकवर अध्यापकांची यादी टाकली, ती याच कोंडीतून. आरोपांचा तपशील नाही, हा ज्येष्ठ स्त्रीवाद्यांचा आक्षेप मला पटतो. संस्थेतल्या समितीकडे जा, हा सल्ला मात्र जिथे समिती ‘नॅक’च्या फायलीपुरती उरते तिथे पोकळ आहे.

2013 च्या कायद्याचे कलम 16 वाचताना प्राचार्य फार घाबरतात. ते मनाई करते ती जनतेला, वृत्तपत्रांना आणि माध्यमांना कळवण्याची. नेमणूक करणाऱ्या संस्थेने आधीच्या संस्थेला लेखी विचारावे आणि तिने निष्कर्ष बंद लिफाफ्यात कळवावा, याला ते आड येते असे मला वाटत नाही. तक्रारदाराचे नाव त्या पत्रात नसावे. राजीनाम्याने चौकशी थांबू नये, हे तर सेवानियमातच घालता येईल.