गिटारवादकांची उतरंड

जगातील सर्वश्रेष्ठ गिटारवादक कोण, असे विचारणाऱ्याला उत्तर बहुधा आधीच ठाऊक असते. त्याला हवा असतो तो वाद. 'रोलिंग स्टोन' या अमेरिकन नियतकालिकाने २००३ साली शंभर गिटारवादकांची क्रमवारी छापली, २०११ मध्ये ती नव्याने मांडली आणि २०२३ मध्ये ती अडीचशे नावांपर्यंत वाढविली. तिन्ही वेळा शिरोभागी जिमी हेंड्रिक्स होता. खालची नावे मात्र प्रत्येक खेपेस हलली. २००३ च्या शंभर जणांत स्त्रिया अवघ्या दोन होत्या. २०२३ मध्ये सिस्टर रोझेटा थार्प ही भक्तिगीते गाणारी कृष्णवर्णीय गायिका-वादक पहिल्या दहांत येऊन बसली. तिचे निधन १९७३ सालीच झाले होते. म्हणजे मधल्या वीस वर्षांत तिच्या वादनात काही भर पडली असण्याचा संभव नाही. बदलले ते मोजणाऱ्यांचे कान.

गेल्या नाताळात वरंध येथे एका स्नेह्यांच्या घरी हाच वाद आमच्या कानी पडला. महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारी चार तरुण मंडळी जमली होती. एकाचा आग्रह हेंड्रिक्सचा, दुसऱ्याचा एडी व्हॅन हेलनचा, तिसरा सेगोव्हियाचे नाव अदबीने पुढे करीत होता. दोन तास चर्चा झाली. तीत एकही भारतीय नाव आले नाही, आणि आले नाही हे कोणास खटकलेही नाही. त्या मुलांना आम्ही दोष देत नाही. ज्या याद्या त्यांच्या हाती पडतात त्यांचा निकषच असा आहे की, अमेरिकेतील वा इंग्लंडमधील रॉक आणि ब्लूज हे गिटारचे माहेर आणि बाकीचे जग हे तिचे आजोळसुद्धा नव्हे. तथापि साहित्याची जाण असलेल्या वाचकाने हा निकष मुकाट्याने स्वीकारावा, असे आम्हांस वाटत नाही.

वेग हा निकष तर आम्ही प्रथमच बाजूस सारतो. एका मिनिटात किती स्वर, हा हिशेब टंकलेखकाच्या परीक्षेला शोभतो. लोकप्रियतेचा निकष त्याहून बरा, पण त्यात ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या जाहिरातींचाही वाटा असतो. आमच्या मते प्रश्न असा विचारावा : या वादकापूर्वी या वाद्याला काय बोलता येत नव्हते आणि त्याच्यानंतर ते काय बोलू लागले? असा प्रश्न विचारला म्हणजे हेंड्रिक्सचे स्थान डळमळत नाही, उलट पक्के होते. डावखुऱ्या हातासाठी उजव्या हाताची गिटार उलटी धरणाऱ्या या माणसाला जागतिक कीर्तीची जेमतेम चार वर्षे मिळाली. १९७० मध्ये सत्ताविसाव्या वर्षी तो गेला. परंतु ध्वनिवर्धकातून निघणारी जी शीळ इतर वादक दोष समजून टाळीत, तिलाच त्याने स्वरसामग्री बनविले. १९६९ च्या ऑगस्टमध्ये वुडस्टॉक येथे त्याने आपल्या देशाचे राष्ट्रगीत वाजविले. त्यात व्हिएतनामचे बाँब ऐकू येतात, असे अनेकांनी लिहिले आहे. आम्हांस तो आरोप न वाटता विलाप वाटतो.

आंद्रेस सेगोव्हियाचे (१८९३–१९८७) काम याच्या नेमके उलट दिशेचे. स्पेनमध्ये गिटार हे गुत्त्यातले आणि अंगणातले वाद्य मानले जाई. त्याच्या आधी तारेगाने तिची अभिजात बैठक घातली होती. पण ती मोठ्या सभागृहात नेऊन बसविली सेगोव्हियाने. १९३५ साली पॅरिसमध्ये त्याने बाखचे 'शाकोन' हे एकट्या व्हायोलिनसाठी रचलेले प्रदीर्घ संगीत गिटारवर वाजविले. ही घटना सुतारकामाच्या हत्याराने देवळाची मूर्ती घडविण्यासारखी होती. पुढे पोन्से, तोरोबा, व्हिला-लोबोस अशा रचनाकारांनी त्याच्यासाठी लिहिले. आज अभिजात गिटारच्या अभ्यासक्रमात जे वाजविले जाते त्याचा मोठा भाग या एका माणसाच्या हट्टातून आला आहे. विजेच्या गिटारचा त्याला तिटकारा होता. हेंड्रिक्स आणि सेगोव्हिया यांना एकाच शिडीच्या पायऱ्यांवर उभे करणे किती व्यर्थ आहे, हे एवढ्यावरून कळावे.

सेगोव्हियाच्या झगमगाटात पॅराग्वेचा आगुस्तिन बारिओस (१८८५–१९४४) दीर्घकाळ झाकला गेला. ध्वनिमुद्रण करणाऱ्या पहिल्या अभिजात गिटारवादकांत त्याची गणना होते, पण युरोपच्या दरबारात त्याला कोणी विचारले नाही. १९७७ मध्ये जॉन विल्यम्सने त्याच्या रचनांची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका काढली, तेव्हा जग जागे झाले. 'ला कातेद्राल' म्हणजे 'महामंदिर' ही त्याची रचना आमच्या वाचकांनी अवश्य ऐकावी. त्याची अखेरची रचना 'देवाच्या नावाने भिक्षा' या अर्थाच्या शीर्षकाने ओळखली जाते. तीत एक दार ठोठावल्यासारखा आघात आरंभापासून सतत वाजत राहतो आणि त्यावर सुरावट थरथरते. आणि जँगो राइनहार्ट? १९२८ साली गाडीला लागलेल्या आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे जवळजवळ निकामी झाली. उरलेल्या बोटांनी त्याने युरोपला स्वतःचा जॅझ दिला. त्याच्याविषयी आम्ही अधिक लिहीत नाही. त्याचे स्थान कोणी नाकारीत नाही.

आता आपल्या घराकडे वळू. गिटारवर राग वाजविण्यात अडचण कोणती? अडचण पडद्यांची आहे. सतारीचे पडदे वक्र असतात, त्यांवर तार आडवी ओढून चार-पाच स्वरांची मींड सहज काढता येते. गिटारचे पडदे लाकडात सपाट ठोकलेले. तार ओढली तरी स्वर थोडासाच सरकतो. ज्या संगीतात दोन स्वरांमधील वाट ही त्या स्वरांइतकीच मोलाची, तेथे हे वाद्य पायऱ्यांनी चढते, घसरणीने नव्हे. यावरचा उपाय भारताने शोधला नाही. तो आला पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवरून. जोसेफ केकुकू या मुलाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तारांवरून पोलादाचा तुकडा फिरवून पाहिला, असे सांगतात. बोटांऐवजी पोलादी दांडी आली आणि पडदे निरुपयोगी झाले. बेटांवरचे कलावंत देशोदेशी फिरले. ताऊ मो हा वादक १९४० च्या दशकात कुटुंबासह कलकत्त्यात राहत होता. बंगालने हे वाद्य असे आपलेसे केले की, काझी अनिरुद्ध, सुनील गांगुली, बटुक नंदी यांच्या हवाईयन गिटारवर रवींद्रसंगीत आणि चित्रपटगीते घरोघर वाजू लागली. गोड होते, पण ती गाण्याची नक्कल होती. शब्द काढून घेतलेले गाणे, यापलीकडे तिची झेप नव्हती.

ही झेप घेतली जोधपूरच्या ब्रिजभूषण काबरा (१९३७–२०१८) यांनी. वडीलबंधू दामोदरलाल काबरा सरोदवादक, गुरू उस्ताद अली अकबर खाँ. सरोदवर पडदे नसतात, धातूच्या पट्टीवरून बोट घसरते. त्या घराण्याचा विचार पोलादी दांडीला मानवणारा होता, हे काबरांनी ओळखले. त्यांनी गिटारला चिकारीच्या व आधारस्वराच्या तारा जोडल्या, वाद्य मांडीवर आडवे घेतले आणि आलाप, जोड, झाला अशी संपूर्ण मांडणी त्यावर केली. ते वाजविताना तीन संकटे असतात. एक, सुटलेल्या तारेचा नाद लवकर विझतो, विलंबित आलापाला मात्र लांब श्वास लागतो. दोन, दांडी एकच. तिला पाच बोटांची चपळाई नाही, त्यामुळे मुरकी आणि खटका अवघड. तीन, पडद्याचा आधार नसल्याने सूर केसभर चुकला तरी लपत नाही. काबरांच्या द्रुत तानांत आम्हांस क्वचित ओढाताण जाणवते, हे नमूद करावयास हवे. पण आलापात ते एका स्वरावरून दुसऱ्यावर ज्या सावकाशीने येतात, तिथे माणसाचा गळा आणि तार यांतला भेद उरत नाही.

१९६७ साली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका निघाली. तिचे निर्माते होते गो. ना. जोशी, मराठी भावगीताच्या आद्य गायकांपैकी एक. काश्मीरच्या खोऱ्यातील मेंढपाळाचा दिवस, पहाटेच्या अहीर भैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत, तीत गुंफला आहे. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, तबल्यावर माणिकराव पोपटकर आणि गिटारवर काबरा. पहिल्या दोघांची नावे आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. तिसरे वाद्य कोणते होते, हे विचारले तर पुष्कळ जण थबकतात. संतूर आणि बासरी डोळ्यांसमोर चित्र उभे करतात. गिटार त्या चित्रामागचे आकाश धरून ठेवते, आणि आकाशाकडे कोणी मुद्दाम पाहत नाही.

विश्वमोहन भट्ट यांनी पुढे वीस तारांची मोहनवीणा घडविली आणि राय कूडर यांच्याबरोबरच्या ध्वनिमुद्रिकेसाठी १९९४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळविले. त्यांची तयारी आणि तेज वादातीत आहे. तरीही आम्ही घातलेल्या निकषाने वाट पाडणाऱ्याचा मान काबरांकडेच जातो. पारितोषिक कोणास मिळाले यावरून तो बदलू नये.

दुसरे नाव आपल्या अधिक जवळचे आणि म्हणूनच त्याचे विस्मरण अधिक बोचणारे. आमान्सिओ डिसिल्वा १९३६ साली मुंबईत एका गोवेकर ख्रिस्ती कुटुंबात जन्मला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो लंडनला गेला. १९६९ मध्ये त्याची 'इंटिग्रेशन' ही ध्वनिमुद्रिका आली आणि त्याच वर्षी जमैकाचा सॅक्सोफोनवादक जो हॅरिअट याच्यासह 'हम दोनो'. त्या काळी पाश्चात्य संगीतात सतारीची फोडणी देण्याची टूम होती. एखादी तार झणकारली की पूर्वेचे गूढ अवतरले, असे समजले जाई. आमान्सिओने सतार घेतली नाही. त्याच पडदे ठोकलेल्या गिटारवर, जॅझच्या लयीत, तो हिंदुस्थानी वळणाच्या स्वरावली मांडीत गेला. काबरांनी पडदे ओलांडले. याने पडद्यांच्या तुरुंगातच राहून गायचे ठरविले. दोन्ही उत्तरे खरी आहेत. १९७० च्या दशकाच्या आरंभी ध्वनिमुद्रित केलेली त्याची 'कोंकण डान्स' ही तबकडी मात्र कोठडीत पडून राहिली आणि २००६ साली बाहेर आली. आमान्सिओ १९९६ मध्येच निवर्तला होता. आपल्या कोकणाचे नाव धारण करणारी ही ध्वनिमुद्रिका कोकणातल्या किती घरांत पोहोचली असेल, असा प्रश्न आमच्या मनात येतो.

हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात तर विस्मरण ही व्यवस्थाच होती. तबकडीवर गायक, गीतकार, संगीतकार, वाजविणारे निनावी. भूपिंदर सिंग (१९४०–२०२२) स्वतः गायक म्हणून गाजले म्हणून 'दम मारो दम'मधील त्यांची गिटार लोकांस कळली. गोव्याहून आलेल्या शेकडो वादकांना ते भाग्य लाभले नाही. प्यारेलाल यांनी आपले व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस यांचे नाव १९७७ साली एका गाण्यात गोवले, आणि देशाने ते एका विनोदी पात्राचे नाव म्हणून लक्षात ठेवले! ग्रेगरी बूथ यांनी २००८ मध्ये या वादकांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा पुष्कळ हात आधीच थांबलेले होते. कोणी कोणता तुकडा वाजविला याच्या नोंदी जेथे अपुऱ्या, तेथे श्रेष्ठत्वाची यादी करणे म्हणजे हजेरीपट नसलेल्या वर्गाचा निकाल लावणे.

श्रेष्ठत्वाचा प्रश्न प्रत्येक तंतुवाद्याला विचारला जातोच असेही नाही. वरंध घाटाखालच्या गावांत अखंड हरिनाम सप्ताह बसतो, तेव्हा वीणा सात दिवस खाली ठेवीत नाहीत. गावकरी पहारे वाटून घेतात. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. मध्यरात्रीचा पहारा करणारा वीणेकरी चांगला वाजवतो की वाईट, हे कोणी विचारीत नाही. वीणा थांबली नाही ना, एवढेच पाहतात. तेथून जवळच, शिवथरच्या घळीत, रामदासांनी 'दासबोध' सांगितला अशी श्रद्धा आहे. हे संगीतशास्त्र नव्हे, हे आम्ही जाणतो. पण साथ म्हणजे काय, हे ज्याला समजून घ्यावयाचे आहे त्याने तो पहारा एकदा पाहावा.

आपल्या धर्मग्रामांतही गिटार प्रामुख्याने साथीसाठीच आली. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६३ मध्ये उपासनेविषयीच्या संविधानात ऑर्गनचा मान राखून इतर वाद्यांनाही सशर्त दार उघडले आणि काही वर्षांत मिस्सेच्या गायकवृंदात गिटार दिसू लागली. जुन्या मंडळींनी नाके मुरडली. त्यांना एक गोष्ट आठवण करून देता आली असती : १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री, ऑस्ट्रियातील ओबेर्नडॉर्फच्या चर्चमध्ये 'सायलेंट नाइट' प्रथम गायिले गेले ते गिटारवर. शब्द फादर योझेफ मोर यांचे, चाल फ्रान्झ ग्रुबर यांची, आणि गिटार फादर मोर यांच्याच हाती. त्यांच्या हस्ताक्षरातील प्रत १९९५ साली सापडली. तीत गिटारची साथ स्पष्ट लिहिलेली आहे. फादर मोर कोणत्याही यादीत नाहीत, आणि आमच्याही यादीत नसतील. त्यांची साथ साधी होती. मात्र आज गायकवृंदात तीन सुरावटी जुळविणारी मुले गाण्याच्या मध्येच व्हॅन हेलनसारखी बोटे पळवितात आणि भाविकांचा सूर सुटतो, तेव्हा ती प्रत त्यांना दाखवावी, असे आम्हांस वाटते. दोष त्यांचा नाही. श्रेष्ठ म्हणजे वेगवान, असे त्यांस कोणी तरी शिकविलेले असते.

वरंधच्या मुलांनी शेवटी आम्हांस पेचात धरलेच, तेव्हा आम्ही चार नावे दिली आणि तीही कालक्रमाने : सेगोव्हिया, राइनहार्ट, काबरा, हेंड्रिक्स. पाचव्या जागेसाठी फ्लामेन्कोचा सम्राट पाको दे लुसिया आणि आमचा आमान्सिओ यांच्यात झुंज लागली. पाकोकडे तीन मते पडली, आमान्सिओकडे आमचे एकच. 'हम दोनो' ऐकल्याशिवाय फेरमतदान घ्यावयाचे नाही, एवढे मात्र सर्वांनी मान्य केले आहे.