मुलांवरचं संशोधन आणि एकटे संशोधक

मागच्या व्याख्यानानंतर एका विद्यार्थिनीनं मला गाठलं. ती बालगृहांतल्या मुलींवर पीएच.डी. करते. मुलाखत घेताना एका मुलीनं तिला घरातल्या अत्याचाराबद्दल सांगितलं. हिनं वही मिटली आणि गाइडना फोन लावला. उत्तर आलं, "तो भाग प्रबंधात घेऊ नकोस." आजचं बोलणं या उत्तरावर आहे.

आता बघा, 2012 च्या पोक्सो कायद्याचं कलम 19 सांगतं की असा गुन्हा कळला की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. त्यातून संशोधक सुटत नाही. म्हणजे प्रश्न प्रबंधात घेण्या-न घेण्याचा नव्हताच. पंचविशीतल्या त्या मुलीला हे सांगणारं कोणी नव्हतं, आणि तिच्या गाइडनाही कोणी सांगितलं नव्हतं.

आपल्याकडे पीएच.डी.च्या अडचणी निघाल्या की बोलणं पैशांवर येतं. यायलाच हवं. जानेवारी 2023 पासून जेआरएफ महिना 37,000 रुपये आहे, पहिली दोन वर्षं. पुढे 42,000. रक्कम वाईट नाही. पण ती मिळते नेट परीक्षेत अगदी वर आलेल्यांना. वस्तीत, बालगृहात दहा वर्षं काम केलेला कार्यकर्ता त्या परीक्षेत मागे पडू शकतो. मग तो नोकरी सांभाळून, रविवारी प्रबंध लिहितो. ज्याला मुलं ओळखतात त्याला पैसा नाही, आणि ज्याला पैसा आहे त्याला मुलांची ओळख पहिल्यापासून करून घ्यावी लागते. माझी पहिली तक्रार ही.

दुसरी मार्गदर्शनाबद्दल. यूजीसीच्या नियमांत प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. दर सहामाहीला सल्लागार समितीपुढे उभं राहावं लागतं. ठीक. पण हे सगळं मोजमाप आहे. रात्री दहाला घाबरलेल्या विद्यार्थिनीचा फोन कोण घेणार, हे त्यात कुठे आहे?

अमेरिकेत डोरिस ड्यूक फाउंडेशनच्या पैशांवर आणि शिकागोच्या चॅपिन हॉल या संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली बालकल्याणासाठी एक फेलोशिप चालली. दोन वर्षांची. तिच्यात मला आवडलेली गोष्ट एकच: प्रत्येकाला दोन मार्गदर्शक. एक विद्यापीठातला, दुसरा धोरण किंवा प्रत्यक्ष कामातला. शिवाय वेगवेगळ्या विद्याशाखांतले फेलो एकमेकांना बांधलेले. एकटेपणावर याहून साधा उपाय मला माहीत नाही.

पण आंधळेपणानं उचलू नका. खासगी देणगीवरची योजना देणगीदाराचं लक्ष असेपर्यंतच टिकते. आणि आपल्याकडे दुसरा मार्गदर्शक म्हणून त्याच बालगृहाचा अधीक्षक किंवा त्याच खात्याचा अधिकारी नेमला, तर संशोधन संपलंच! ज्याची तपासणी करायची, त्याच्याच सहीनं अहवाल पुढे जाणार. म्हणून दुसरा मार्गदर्शक हवा दुसऱ्या जिल्ह्यातला. बाल कल्याण समितीचा माजी सदस्य, अनुभवी समुपदेशक, असा कोणीतरी. आणि त्याला मानधन द्या. फुकटचं मार्गदर्शन सणासुदीला शुभेच्छांपुरतं उरतं.

कोणी म्हणेल, एवढा खर्च कशाला? मी म्हणतो, हिशेब करा. जेआरएफधारकावर पाच वर्षांत आपण जवळजवळ चोवीस लाख रुपये खर्च करतो, घरभाडं वेगळं. त्यात दुसऱ्या मार्गदर्शकाचं मानधन कितीसं?

त्या विद्यार्थिनीनं पुढे काय केलं, हे विचाराल. तिनं पोलिसांत कळवलं. मुलीला सोबत म्हणून ती स्वतः गेली. त्यानंतर चार महिने तिच्याच्यानं एक ओळ लिहवली नाही, आणि प्रगती अहवालात शेरा आला, 'काम असमाधानकारक.'

तिनं त्या चार महिन्यांत जे केलं, त्याला आपल्या विद्यापीठाच्या फॉर्मवर रकाना नाही. तो रकाना कोण काढणार, एवढंच विचारून थांबतो.