‘अन्यथा’ या कलमाची व्याप्ती

जॉन मॅकार्थी यांचा लिस्प भाषेविषयीचा निबंध १९६० साली प्रसिद्ध झाला. त्यात सशर्त राशीची जी व्याख्या दिली आहे, तिच्यावर फलनप्रधान आज्ञालेखनाचा, म्हणजे ज्यास सामान्यतः फंक्शनल प्रोग्रॅमिंग म्हणतात त्याचा, पुष्कळसा व्यवहार आजही चालतो. अट आणि मूल्य यांच्या जोड्या क्रमाने मांडावयाच्या. डावीकडून पाहत गेल्यास जी अट प्रथम खरी ठरेल, तिच्या जोडीचे मूल्य तेच संपूर्ण राशीचे मूल्य. एकही अट खरी न ठरल्यास राशीला मूल्य नाही. ही रचना इतकी सुटसुटीत आहे की, तिच्यात न लिहिलेले असे काही दडलेले असेल, ही शंकाच सहसा येत नाही. तथापि दुसऱ्या कलमाचा खरा अर्थ त्या कलमात लिहिलेला नसतो. ‘पहिली अट खोटी असून दुसरी खरी’ हा त्याचा अर्थ होय. पाचव्या कलमात तर चार नकार अध्याहृत असतात. हास्केल भाषेत शेवटच्या कलमाशी ‘अन्यथा’ या अर्थाचा जो इंग्रजी शब्द लिहितात, तो ‘सत्य’ या मूल्याला दिलेले केवळ दुसरे नाव आहे. त्याला स्वतःचा आशय नाही. वरच्या सर्व कलमांनी जे नाकारले, ते त्याच्या पदरात पडते.

आता मजकुराच्या वर्गीकरणाकडे वळावे. नवशिक्यांना हा विषय शिकविताना ‘बॉब’ नावाचा एक अभ्यास पुष्कळदा दिला जातो. बॉब हा तुटक उत्तरे देणारा मुलगा. त्याला उद्देशून आलेला मजकूर पाच वर्गांपैकी एकात घालावयाचा असतो: मौन, ओरडून विचारलेला प्रश्न, नुसते ओरडणे, प्रश्न आणि इतर. मजकुरात रिकाम्या जागेवाचून काही नसल्यास मौन. शेवटी प्रश्नचिन्ह असल्यास प्रश्न. सर्व अक्षरे कॅपिटल असल्यास ओरडणे. प्रश्नाचे कलम ओरडण्याच्या वर ठेवल्यास ओरडून विचारलेला प्रश्न साधा प्रश्न ठरतो, आणि विद्यार्थ्याला क्रमाचे महत्त्व कळते. येथवर अभ्यास निर्दोष आहे.

दोष कसोटीच्या आशयात आहे, आणि मराठी मजकूर दिला म्हणजे तो तत्काळ उघड होतो. ओरडणे ओळखण्याची सर्वांत सुलभ कसोटी अशी: मजकूर कॅपिटल अक्षरांत रूपांतरित करावा, आणि तो मूळ मजकुराशी तंतोतंत जुळल्यास ते ओरडणे समजावे. या कसोटीने ‘१, २, ३’ हेही ओरडणे ठरते. अभ्यासासोबतच्या चाचण्यांत केवळ अंकांचा मजकूर मुद्दाम घातलेला असल्याने ही चूक पकडली जाते आणि विद्यार्थी ‘निदान एक तरी अक्षर असावे’ अशी पुस्ती जोडतो. सर्व चाचण्या उत्तीर्ण होतात. परंतु देवनागरीत कॅपिटल अक्षरे नाहीत. ‘आई घरी नाही’ हे वाक्य रूपांतरानंतर जसेच्या तसे राहते, आणि युनिकोडच्या वर्गवारीप्रमाणे त्यात अक्षरेही आहेत. म्हणजे हे शांत वाक्य ओरडणे ठरते. (त्याच वर्गवारीत स्वरचिन्हे अक्षरांहून वेगळी धरली असल्यामुळे, हास्केलच्या अक्षर-कसोटीने केवळ अक्षरे निवडल्यास ‘नाही’चे ‘नह’ उरते, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय.) प्रश्नाचे आणि ‘अन्यथा’चे अशी दोन्ही कलमे मराठीपुरती मृत होतात, कारण त्यांच्यापर्यंत काही पोहोचतच नाही. आज्ञावली मात्र थांबत नाही, तक्रारही करीत नाही. ती पूर्ण आत्मविश्वासाने चुकीचे मूल्य देते.

अधिक काळजीपूर्वक लिहिलेली कसोटी आहे: मजकूर कॅपिटल रूपाशी जुळावा, पण लहान अक्षरांच्या रूपाशी जुळू नये. तिने ‘आई घरी नाही’ ओरडण्यातून सुटते आणि ‘अन्यथा’त जाते. हे उत्तर बरोबर दिसते, पण त्याचे कारण बरोबर नाही. ‘काल टीव्ही बिघडला’ या वाक्यातील ‘टीव्ही’ रोमन लिपीतील दोन कॅपिटल अक्षरांनी लिहावा, जसे आजचे मराठी लेखन पुष्कळदा करते, आणि तेच वाक्य ओरडणे ठरते. अक्षरे दोन, आणि त्यांच्यावरून निर्णय साऱ्या वाक्याचा.

प्रश्नचिन्हाची कसोटीही भाषेची नसून मुद्रणाची आहे. मराठीत विरामचिन्हे रूढ झाली ती १९व्या शतकात, आणि त्यात मेजर थॉमस कँडी यांचा वाटा मोठा होता. प्रश्न विचारणे त्यापूर्वीही चालू होते. ‘येतोस का’ हा चिन्हावाचूनही प्रश्नच. उलट ‘काय’ हा शब्द पाहून प्रश्न ठरवावा, तर ‘काय पाऊस पडला’ हा उद्गार आडवा येतो.

क्रमावर एवढा भार टाकणे अपरिहार्य आहे काय? पाणिनीय परंपरेत हा विचार फार बारकाईने झालेला आहे. अष्टाध्यायीतील १.४.२ हे सूत्र परस्परविरोधी नियमांत नंतरच्याला प्राधान्य देते. सशर्त राशीच्या नेमके उलट. पण नागेशभट्टांच्या परिभाषेन्दुशेखरात परत्वापेक्षा नित्यत्व, त्यापेक्षा अन्तरङ्गत्व आणि सर्वांहून अपवाद बलवान मानला आहे. अपवाद हा त्याच्या विषयावरून ओळखला जातो, स्थानावरून नव्हे. सशर्त राशीत अपवादाला वर नेऊन बसवावे लागते, आणि तो तेथे का बसला आहे, हे राशी सांगत नाही. डाइक्स्ट्रा यांनी १९७५ साली मांडलेल्या रक्षित आज्ञांत क्रमाला अर्थच नाही. दोन अटी एकदम खऱ्या असल्यास कोणतीही निवडली जाऊ शकते. म्हणून लेखकाला प्रत्येक अट पूर्ण लिहावी लागते. ती रचना फलनप्रधान नव्हे, परंतु तिची शिस्त येथे घेण्यासारखी आहे.

ती बॉबला लावावयाची तर ‘प्रश्न आहे काय’ आणि ‘ओरडणे आहे काय’ ही दोन स्वतंत्र फलने करून त्यांच्या मूल्यांच्या जोडीवर उत्तर ठरवावे. चार जोड्या आणि मौन मिळून पाच वर्ग पूर्ण होतात, आणि कलमे कोणत्याही क्रमाने लिहिली तरी चालतात. दुसऱ्या फलनाला ‘खरे’ व ‘खोटे’ यांखेरीज ‘लागू नाही’ हे तिसरे मूल्यही हवे. हास्केलमधील मेबी हा प्रकार त्यासाठी सिद्ध आहे. मग ‘आई घरी नाही’ हे वाक्य न ओरडलेले ठरत नाही. त्याविषयी लिपी काही सांगत नाही, एवढेच नोंदले जाते, आणि त्या नोंदीचे काय करावयाचे, हे लेखकाला स्वतंत्र कलमात लिहावे लागते. बिघडलेल्या टीव्हीचा प्रश्न याने सुटत नाही. त्यासाठी कसोटी संपूर्ण मजकुराला न लावता त्यातील एकेका लिपीच्या खंडाला लावावी लागेल, आणि किती खंड ओरडले म्हणजे वाक्य ओरडले, हे आधी ठरवावे लागेल.