छायाचित्राची किंमत कशात असते?

एप्रिल २०२३ मध्ये लंडनला एक चमत्कारिक प्रसंग घडला. सोनी वर्ल्ड फोटोग्राफी ॲवॉर्ड्स या जगप्रसिद्ध स्पर्धेत एका गटाचे पारितोषिक बोरिस एल्डागसेन या जर्मन कलावंताला मिळाले होते. त्याने ते नाकारले. त्याने पाठवलेले ‘द इलेक्ट्रिशियन’ हे चित्र कॅमेऱ्याने घेतलेलेच नव्हते. संगणकाकडून, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून, ते तयार करून घेतले होते. अशा चित्रांना तोंड द्यायला स्पर्धा तयार आहेत का, हे आपल्याला पाहायचे होते असे त्याने सांगितले. तेव्हापासून एक प्रश्न वारंवार विचारला जातो: आता छायाचित्राला काही किंमत उरली का?

प्रथम ते चित्र पाहू. १९४० च्या सुमारास काढलेल्या जुन्या कृष्णधवल छायाचित्रासारखे ते दिसते. पुढे एक तरुण स्त्री, तिच्या पाठीशी बिलगलेली दुसरी, वयाने मोठी. दोघींच्या चेहऱ्यावर उदास भाव आहेत. चित्र म्हणून ते प्रभावी आहे हे मान्य करायला हवे. पण हा प्रभाव कशामुळे पडतो? जुने छायाचित्र पाहिले की आपल्या मनात येते, या कोण असतील, पुढे यांचे काय झाले असेल? येथे या प्रश्नांना उत्तरच नाही, कारण त्या दोघी कधी अस्तित्वातच नव्हत्या. छायाचित्राने पावणेदोनशे वर्षांत कमावलेल्या विश्वासावर हे चित्र उभे आहे. एल्डागसेनने त्या मालिकेला ‘स्यूडोम्नेशिया’, म्हणजे खोटी स्मृती, असे नाव दिले होते. ते नाव प्रामाणिक म्हणावे लागेल.

दोन्ही चित्रे तयार होण्याची रीत मुळातच वेगळी आहे. छायाचित्रात वस्तूवरून परावर्तित झालेला प्रकाश भिंगातून आत येतो आणि फिल्मवरील चांदीच्या क्षारांवर किंवा डिजिटल कॅमेऱ्यातील संवेदकावर परिणाम करतो. पावलाचा ठसा उमटावा तसा हा वस्तूचा ठसा असतो. कृत्रिम बुद्धिमत्तेची आज्ञावली कोट्यवधी चित्रे आणि त्यांना जोडलेला मजकूर यांवरून शिकलेली असते. आपण शब्दांत मागणी केली की ती वेड्यावाकड्या ठिपक्यांपासून सुरुवात करते आणि ते पायरीपायरीने मागणीशी जुळवत नेते. चंद्र मागितला तर चंद्राची चित्रे साधारणपणे जशी असतात तसे चित्र मिळते. त्यात चंद्रावरून आलेला प्रकाश नसतो.

या फरकाला महत्त्व किती? २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात ब्राझीलमधील सोब्राल येथे सूर्याजवळच्या ताऱ्यांची छायाचित्रे काचांवर घेतली गेली. ताऱ्यांचा प्रकाश सूर्यापाशी वाकतो, हे आइन्स्टाइनचे भाकीत तपासायचे होते. एका दुर्बिणीची छायाचित्रे अस्पष्ट आली, म्हणून त्यांच्या मापनाला फारसे महत्त्व दिले गेले नाही. साठ वर्षांनी, १९७९ मध्ये, त्याच काचा आधुनिक यंत्राने पुन्हा मोजल्या, तेव्हा त्यांतूनही आइन्स्टाइनच्या भाकिताशी जुळणारे उत्तर निघाले. संगणकाने रचलेले ग्रहणाचे चित्र कितीही रेखीव असले तरी ते मोजून आकाशाविषयी काहीही कळणार नाही.

छायाचित्र नेहमी खरेच बोलते असे मात्र नाही. १९१७ मध्ये इंग्लंडमधील कॉटिंग्ली गावच्या दोन मुलींनी पऱ्यांची ‘छायाचित्रे’ काढली आणि शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉयल यांनी ती खरी मानली. त्या पऱ्या कागदातून कापलेल्या होत्या, ही कबुली १९८३ मध्ये मिळाली. उलट, २०२४ मध्ये माइल्स ॲस्ट्रे याने फ्लेमिंगोचे खरे छायाचित्र एका स्पर्धेत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गटात पाठवले. पक्ष्याने मान वळवून चोच पोटाशी नेल्यामुळे तो बिनडोक्याचा दिसत होता. त्यालाही पारितोषिक मिळाले, आणि सत्य कळल्यावर ते रद्द झाले. म्हणजे केवळ पाहून खरेखोटे ठरवणे तज्ज्ञांनाही जमत नाही.

आम्हालाही ते जमले नाही. एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही परीक्षक होतो. आठवीतल्या एका मुलाने चंद्राच्या कलांचा अतिशय देखणा तक्ता लावला होता. शेजारी एका मुलीने फोनवर काढलेली चार पुसट छायाचित्रे होती: शुक्ल द्वितीयेपासून चार संध्याकाळी, रोज सात वाजता, गच्चीवरच्या एकाच जागेवरून. प्रत्येकात शेजारचा नारळ आणि वर एक पांढरा ठिपका. खाली तारीख आणि वेळ. आम्ही पहिला क्रमांक तक्त्याला दिला. परतताना एस.टी.त लक्षात आले की, तक्त्यातील सूर्यास्तानंतरच्या चंद्रकोरीची टोके क्षितिजाकडे वळलेली होती. हे अशक्य आहे. कोरीची उजळ बाजू नेहमी सूर्याकडे असते, टोके विरुद्ध दिशेला. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना फोन करून चूक कबूल केली, पण बक्षीस समारंभ होऊन गेला होता. त्या मुलाने काही लपवले नव्हते. चित्रे कोठून आणली हे आम्ही त्याला विचारलेच नव्हते. मुलीच्या छायाचित्रांत मात्र नारळाच्या आधाराने चंद्र रोज सुमारे १२ अंश पूर्वेकडे सरकताना मोजता आला असता.

तेव्हा धोका आहे तो कोणाला? कॅलेंडरे आणि जाहिरातींसाठी छायाचित्रे काढणाऱ्यांच्या पोटावर पाय येऊ शकतो, ही गोष्ट हलकी मानू नये. दुसरा धोका असा की, खोट्या चित्रांच्या गर्दीत खरे छायाचित्रही ‘हे संगणकाचे असेल’ म्हणून झटकले जाईल. पुरावा म्हणून छायाचित्राची किंमत मात्र संपलेली नाही. ती केवळ चित्राच्या देखणेपणात कधीच नव्हती. कोणी, कोठे, केव्हा आणि कशाने टिपले, ही नोंद आणि मूळ प्रत सोबत असेल तर आजही ते छायाचित्र तपासता येते.

शिक्षकांनी वर्गात कृत्रिम बुद्धिमत्तेची चित्रे जरूर वापरावीत. डायनासोरची चित्रे आपण पूर्वीपासून कल्पनेनेच काढतो. फक्त खाली ‘कल्पनाचित्र’ असे लिहावे. आणि विद्यार्थ्याने छायाचित्र आणले की ते छान आहे म्हणण्याआधी, हे तू कोठून आणि किती वाजता काढलेस, असे विचारावे. आम्ही आता परीक्षक म्हणून जातो तेथे पहिला प्रश्न हाच विचारतो.